रेकॉर्ड डिजिटाईज करताना आधी तानपुरा ऐका

गेली काही वर्षं मी घरच्या, नातेवाइकांच्या आणि आता ओळखीपाळखीतल्या लोकांच्याही एलपी (मिनिटाला 33⅓ फेऱ्या फिरणाऱ्या विनाइलच्या रेकॉर्ड) कॉम्प्युटरवर उतरवून देते, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठलं सॉफ्टवेअर वापरतेस? सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी येतं हो. त्याआधी कुठली प्रत हातात आहे, ती किती स्वच्छ आहे, सुई कुठली लावलीय, प्लेअर नीट फिरतोय का, यावरच जवळपास सगळं ठरून गेलेलं असतं, आणि हे तपासायला मला आजवर एकच भरवशाची गोष्ट सापडलीय ती म्हणजे तानपुरा. गायक-वादक नंतर ऐका. आधी त्यांच्या मागे जो तानपुरा चालू असतो तो ऐका.

कारण सांगते. आवाजाला आपला कान फार माफ करतो. भीमसेनजींचा षड्ज खरखरत्या ट्रान्झिस्टरवर ऐकला तरी अंगावर काटा येतो, किशोरीताईंची मींड कशीही उतरवलेली असली तरी आपण त्यातच गुंगतो, मागे काय बिघडलंय तिकडे लक्षच जात नाही. तानपुरा मात्र पंचम, जोडी, खर्ज, परत पंचम असा एकसारखा चालू असतो, त्यामुळे जरा कुठे काही हललं की तिथे लगेच कळतं. आणि त्याच्यात खालपासून वरपर्यंत सगळं आहे. काळी एकमधे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झला लागतो, आणि जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता झंकार, चांगली काढलेली असेल तर एका छेडीतून कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर एकामागून एक उमलत जातात, कारण घोडीचा वरचा भाग किंचित गोलसर असतो, तार त्याला चाटत चाटत कंप पावते, आणि खालचा सुताचा धागा केसभर इकडेतिकडे केला की ते उमलणं बदलतं. म्हणजे खर्ज ऐकून खालच्या पट्टीची परीक्षा होते आणि जवारी ऐकून वरच्या. ज्याला हे काम मनापासून करायचंय त्याने एकदा तरी मिरजेला जाऊन तानपुरे बनवणाऱ्यांच्या दुकानात बसावं, पंढरपूरकडच्या भोपळ्यांच्या राशी असतात, कुणीतरी जवारी काढत बसलेलं असतं, पाच मिनिटं छेडतात, तासतात, परत छेडतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मधे जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ते योग्यच झालं. खरा तानपुरा दोन हातांवरून ऐकला नसेल तर रेकॉर्डमधला कसा वाजायला हवा ते कळणार कसं?

आता प्रेसिंगकडे येते, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

माझ्याकडे एका ख्यालाच्या एलपीच्या दोन प्रती आहेत. एक आत्याकडची, कव्हर फाटलेलं, कडेने सेलोटेप, रेकॉर्डवर उजेड पाडला की केसासारखे चरे दिसतात. दुसरी पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी आणलेली, कव्हर चकाचक, रेकॉर्ड आरशासारखी, विकणारा म्हणाला वाजवलेलीच नाही, आणि ते खरं असावं. दोन्ही प्रतींवर लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर एकच. म्हणजे मूळ कटिंग एकच, फक्त छपाई वेगवेगळ्या वेळची, लेबलच्या छपाईवरून आणि पातळ प्लास्टिकवरून बाजारातली नंतरची हे कळतं. दोन्ही धुतल्या, एकाच सुईने वाजवल्या, एकाच लेव्हलला उतरवल्या, आणि सुरुवातीची तीस सेकंद एकामागून एक लावून ऐकली, जिथे गायिकेने अजून आवाज लावलेला नाही, फक्त दोन तानपुरे चालू आहेत. आत्याच्या प्रतीत टक, टकटक, मधेच एक मोठा ठक, पण त्या टकटकींच्या मधे शांतता आहे, खोल आणि काळी, आणि त्या शांततेत जवारीचं टोक न टोक ऐकू येतं. बाजारातल्या प्रतीत टकटक जवळपास नाहीच, पण सुई टेकल्यापासून एक सलग सळसळ चालू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही, तानपुऱ्याचा वरचा भाग त्या सळसळीत मिसळून जातो, कुठे जवारी संपते आणि कुठे प्लास्टिक सुरू होतं ते सांगता येत नाही. मी डिजिटायझेशनला आत्याची प्रत घेतली. टकटक नंतर हाताने काढता येते, सळसळ काढता येत नाही, म्हणजे काढता येते पण जवारी सोबत घेऊन जाते.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर बाजारात पैसे वाचतात. रेकॉर्ड छापायची साखळी अशी, आधी लॅकरवर, म्हणजे मऊ लेप दिलेल्या तबकडीवर, कटिंग होतं, त्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेलचा साचा उचलतात, तो फादर, त्यावरून मदर, आणि मदरवरून स्टॅम्पर, आणि प्रेसमधे जातो तो स्टॅम्पर. स्टॅम्पर झिजतो, मग मदरवरून नवा काढतात. चांगल्या कारखान्यात तो वेळेवर बदलतात, घाईत असले की ओढतात. त्यात प्लास्टिक कुठलं आहे हा दुसरा भाग. 1973 च्या तेलसंकटानंतर जगभरच पीव्हीसी, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, महाग झालं, रेकॉर्ड पातळ झाल्या, जुन्या रेकॉर्ड वितळवून परत वापरायचं प्रमाण वाढलं, आणि असा परत वापरलेला माल कधीच तितका गुळगुळीत बसत नाही. तिसरं म्हणजे प्रेसमधे उष्णता किंवा वेळ कमी पडला तर प्लास्टिक खाचेच्या कोपऱ्यात पूर्ण भरतच नाही, आणि मग कापड फाडल्यासारखा आवाज येतो, बहुतेक वेळा एकाच चॅनेलमधे. हा दोष कितीही धुतलं तरी जात नाही. तेव्हा कव्हर बघून रेकॉर्ड घेऊ नका, दुकानदार वाजवू देत असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधीचा भाग वाजवून बघा, आणि एकाच एलपीच्या दोन प्रती समोर असतील तर जाड आणि जुनी आधी उचला, चरे असले तरी. माझा अनुभव असा की आपल्याकडची साठच्या दशकातली आणि सत्तरच्या सुरुवातीची छपाई बहुतेक वेळा चांगली निघते आणि ऐंशीच्या दशकात मात्र नशिबाचा भाग जास्त. अपवाद दोन्हीकडे भरपूर आहेत.

एक दोष मात्र प्लास्टिकशी संबंधित नाही, आणि आपल्या संगीताला तो सगळ्यात जास्त छळतो. मधलं भोक. रेकॉर्डचं भोक बरोबर मध्यावर नसेल तर प्रत्येक फेरीत सुई थोडी आतबाहेर हलते, खाचेचा वेग कमीजास्त होतो, आणि सूर वरखाली होतो. एका फेरीला 1.8 सेकंद लागतात, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी एक हेलकावा. भोक 1 मिलिमीटरने हललेलं असेल आणि सुई मध्यापासून 10 सेंटिमीटरवर असेल तर सूर एक टक्का वर आणि एक टक्का खाली जातो, म्हणजे साधारण 17 सेंट वर, 17 सेंट खाली (शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). आता आपल्या शास्त्रात जी प्रमाणश्रुती, म्हणजे सुरांमधलं सगळ्यात बारीक अंतर, मानतात ती जवळपास 22 सेंटची. म्हणजे भोकाच्या चुकीमुळे तानपुऱ्याचा षड्ज एका श्रुतीहून जास्त झुलतोय, आणि ज्या गायकाने आयुष्यभर तो षड्ज स्थिर ठेवायला रियाज केला त्याच्या नावावर हे झुलणं जमा होतंय! पॉप गाण्यात ड्रम आणि गिटारच्या गर्दीत हे खपून जातं. विलंबित ख्यालात खपत नाही. दरबारीतल्या गंधाराला तर स्वतःचंच आंदोलन आहे, त्यावर हे दुसरं, यांत्रिक आंदोलन चढलं की राग ओळखीचा राहत नाही. तानपुरा ऐकत डोळे मिटून बसा, हेलकावा असेल तर दोन-तीन फेऱ्यांत कळतो, आणि उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, बाजूने बघा, डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक हललेलं आहे. उपाय म्हणजे भोक किंचित मोठं करून रेकॉर्ड हाताने मध्यावर आणायची, काही जण कानशीने करतात, पण दुसऱ्याच्या रेकॉर्डला मी मालकाला विचारल्याशिवाय असं काही करत नाही. ज्या प्लेअरची मधली पिन काढता येते त्यावर हे काम रेकॉर्डला हात न लावता होतं, आणि माझ्या मते शास्त्रीय संगीत उतरवणाऱ्याने प्लेअर घेताना बाकी सगळ्या बाबींच्या आधी हे बघावं.

स्पीडबद्दल एक सांगायलाच हवं कारण त्यात गंमतशीर अडचण आहे. पाश्चात्य रेकॉर्ड असेल तर पियानोवरून स्पीड बरोबर आहे का ते ताडता येतं. आपल्याकडे गायक स्वतःला सोयीची पट्टी घेतो, तानपुरा त्याला मिळवतात, तो कुठल्याही पियानोशी बरोबर जुळेलच असं नाही, काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेही असू शकतो. त्यामुळे मोबाईलवरच्या ट्यूनर अॅपने षड्ज मोजून स्पीड लावायला जाऊ नका, तुम्ही गायकाची पट्टी बदलून टाकाल. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो पण जुन्या पेट्याही सगळ्या एका सुरात नव्हत्या. म्हणून स्पीड मोजायचा तो स्ट्रोब डिस्कनेच, म्हणजे रेघांची चकती प्लेअरवर फिरवून विजेच्या दिव्याखाली बघायची, रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की स्पीड बरोबर. नेटवरून स्ट्रोब डिस्क छापून घ्याल तर 33⅓ साठी 180 रेघा असलेली घ्या, ती आपल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी आहे. 216 रेघांची अमेरिकन, 60 हर्ट्झची. आणि एलईडी बल्बखाली हे चालेलच असं नाही, जुनी चोकवाली ट्यूबलाईट सगळ्यात छान, घरात एक तरी ठेवा.

आता मोनो-स्टिरिओ. आपल्याकडच्या पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याचशा रेकॉर्डिंग मोनो आहेत, आणि मोनो हा दोष नाही हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. उलट मोनो एलपी उतरवायला सोपी. मोनो खाचेत गाणं फक्त आडवं कोरलेलं असतं, उभ्या हालचालीत असते ती निव्वळ घाण आणि खरखर, त्यामुळे दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभं सगळं आपोआप वजा होतं आणि पार्श्वभूमी एकदम शांत होते. एकच काळजी, बऱ्याचदा खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते, तेव्हा आधी डावा आणि उजवा वेगवेगळा ऐकायचा आणि एकात जवारी फाटत असेल तर दुसराच घेऊन त्याचा मोनो करायचा. मात्र नंतरच्या काळात जुनी मोनो रेकॉर्डिंग 'स्टिरिओ' म्हणून परत काढली गेली, खालचे स्वर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, थोडा उशीर, थोडा घुमारा, असं करून. कव्हरवर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा स्टिरिओ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलाय. अशा एलपीवर तानपुरा ऐका. खर्ज एका कानात आणि जवारी दुसऱ्या कानात. एकाच भोपळ्यातून निघालेला आवाज असा चिरून टाकलेला ऐकवत नाही मला. अशा वेळी मी थांबते आणि मूळ मोनो छपाईची प्रत शोधते, दोन-दोन वर्षं लागली तरी चालेल, कारण नकली स्टिरिओ परत एकत्र करून मूळ मोनो मिळत नाही, काही स्वर एकमेकांना मारतात.

धुण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी धरतेच, कोकणात आणि मुंबईत तर विचारू नका, पांढरे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक टक. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कॅनने मिळतं ते घ्या, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, दहा भागांत एक-दोन भाग पुरे, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल, लेबल कोरडं ठेवून, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत एकदा, आणि भांडी निथळायच्या स्टँडमधे उभी करून पंख्यापासून लांब वाळवायची कारण पंखा धूळ आणतो. नळाचं पाणी शेवटच्या हाताला नको, क्षार मागे राहतात. हे सगळं फक्त विनाइलसाठी. एलपीच्या आधीच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही, लाख अल्कोहोलमधे विरघळते, तबकडी गेली म्हणून समजा.

सुईबद्दल जरा जास्त बोलायला हवं. आपल्याकडे घराघरात जे छोटे प्लास्टिकचे प्लेअर होते त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा डबा, जो कंपनाची वीज करतो) असायचं, वजन पाच-सहा ग्रॅमच्या घरात, आणि सुई वर्षानुवर्षं तीच. त्या सुयांनी रेकॉर्ड खाल्ल्या, हे कटू आहे पण खरं आहे. पण त्या जाड गोल टोकाच्या सुया होत्या, खाचेच्या एका ठरावीक उंचीवरच घासल्या. आज एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) किंवा त्याहून बारीक टोकाची सुई लावली तर ती बऱ्याचदा खाचेत वेगळ्या जागी टेकते, जिथे जुनी सुई पोचलीच नव्हती, आणि मेलेली वाटणारी रेकॉर्ड अचानक बोलायला लागते. उलटही होतं, जुन्या मोनो एलपीला 25 मायक्रॉनची जाड सुई लावली तर ती वरच्या, न झिजलेल्या भागावर बसते. म्हणून मी एकाच कार्ट्रिजवर बदलता येणाऱ्या दोन-तीन सुया ठेवते, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेत ही सोय आहे, 78 साठी जाड सुईही त्याच मालिकेत मिळते. प्रत्येक सुईने तीच एक मिनिट वाजवायची, तानपुऱ्याची, आणि जिच्यात जवारी कमी फाटते ती ठेवायची. इथे महाग ती चांगली असा नियम लागत नाही.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते. एलपी बाहेरून आत वाजते. फिरण्याचा वेग तोच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला जवळपास 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे शेवटी शेवटी तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. पाश्चात्य पॉपवाल्यांनी याच्यावर सोपा तोडगा काढला, शेवटचं गाणं संथ ठेवायचं. ख्यालात तसं कसं करणार? आलाप आधी, बढत होत होत द्रुत शेवटी, सगळ्यात जोरकस ताना, सगळ्यात भरीव तबला, तिहाई, सगळं नेमकं तिथे जिथे रेकॉर्डची ताकद सगळ्यात कमी. त्यात बाजू वीस-बावीस मिनिटांची, म्हणजे खाचा दाटीवाटीने आणि आवाज आधीच हळू कोरलेला. द्रुतमधे तार सप्तकातली तान चिरकते ती गायकाची नसते. कार्ट्रिजची अलाइनमेंट बघताना म्हणजे ती खाचेशी सरळ बसवताना, आतल्या भागाला झुकतं माप द्या, त्यासाठी कागदी प्रोट्रॅक्टर (कोन मापायचा तक्ता) छापून मिळतो, अर्धा तास जातो, पण त्या अर्ध्या तासाने जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. बारीक टोकाची सुई इथेच पैसे वसूल करते.

उतरवायला साधा यूएसबी इंटरफेस पुरतो. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर घालू नका एवढंच. मधे फोनो प्रीअँप लागतो कारण रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, दोन टोकांमधे जवळपास 40 डेसिबलचा फरक, तो प्रीअँप उलटा करून देतो, याला आरआयएए म्हणतात, 1954 पासून हे सर्वत्र रुळत गेलं. मी 24 बिट, 96 किलोहर्ट्झला उतरवते, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने, प्रत्येक 24 बिटांचा. विनाइलमधे 24 बिटांएवढी माहिती असते म्हणून नव्हे, तिचा हळू ते मोठ्या आवाजाचा पल्ला 16 बिटांतही मावतो, पण 24 बिटांत लेव्हल निवांत खाली ठेवता येते आणि शेवटच्या तिहाईला फाटत नाही. लेव्हल लावताना सुरुवातीच्या आलापावर लावू नका! द्रुतचा शेवट वाजवून बघा, तिथे सगळ्यात उंच टोक उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा. 96 किलोहर्ट्झचा फायदा पुढे टकटक काढताना होतो, ते सांगते. जागा लागते, चाळीस मिनिटांच्या एलपीला जवळपास 1.4 जीबी, फ्लॅकमधे (आवाज न बिघडवता फाईल लहान करणारा प्रकार) बरीच कमी होते.

विजेची गुणगुण राहिली. अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपला लावलेली नसेल तर 50, 100, 150 हर्ट्झची गुणगुण येते, आणि ती तानपुऱ्यात मिसळली की तानपुरा बेसूर वाटायला लागतो, कारण वीज काही काळी एकला मिळवलेली नसते. ही आधीच बंद करायची, नंतर फिल्टरने नाही. तसंच रंबल फिल्टर, म्हणजे प्लेअरची खालची घरघर कापणारा. बऱ्याच ठिकाणी सरसकट 80 हर्ट्झखालचं कापून टाका असा सल्ला देतात, तसं केलंत तर वर सांगितलेला 69 हर्ट्झचा खर्ज गेला, तानपुऱ्याचा पायाच गेला. 20 हर्ट्झच्या आसपास कापा, त्याच्यावर हात लावू नका.

मग शेवटी सॉफ्टवेअर. मी ऑडॅसिटी वापरते, फुकट आहे, पुरतं. त्यात टकटक आपोआप काढायची सोय आहे आणि नॉइज रिडक्शन आहे, आणि दोन्ही गोष्टी आपल्या संगीतासाठी बनवलेल्या नाहीत. आपोआप काढणारा टकटक ओळखतो ती अचानक उठणाऱ्या टोकावरून, आणि तबल्याचा चाटेवरचा 'ता' काय असतो? संतूर, चिपळ्या, घुंगरू, टाळ, सगळे तसेच. एकदा अभंगाच्या रेकॉर्डवर फिल्टर लावून आधीचं आणि नंतरचं वजा करून ऐकून बघा, जे काढून टाकलं तेवढंच ऐकू येईल, आणि त्या टकटकीत टाळ स्पष्ट वाजताना ऐकू आले तर फिल्टर रद्द करायचा. ही वजाबाकीची युक्ती प्रत्येक पायरीला करा. मी टकटक हाताने काढते. झूम करत करत गेलं की फरक डोळ्यांना दिसतो, चऱ्याची टक म्हणजे एक उभा काटा, एक मिलिसेकंदाच्या आत संपलेला, मागेपुढे काही नाही, आणि स्पेक्ट्रोग्रॅममधे (कुठल्या वेळी कुठले स्वर आहेत त्याच्या चित्रात) खालपासून 40 किलोहर्ट्झपर्यंत सरळ रेघ. तबल्याच्या 'ता'ला मात्र पाठीमागे झंकार असतो, लाटा लहान लहान होत जातात, आणि त्या लाटा अंगाने सुरेल असतात. 96 किलोहर्ट्झला ती वरची रेघ दिसते, 44.1 ला दिसतच नाही, त्यासाठी ही जास्तीची जागा. सापडलेली टक ऑडॅसिटीच्या रिपेअरने दुरुस्त करायची, ते एका वेळी 128 सॅम्पलच (नमुनेच) घेतं, 96 ला म्हणजे सव्वा मिलिसेकंदापेक्षा थोडं जास्त, बहुतेक टका त्यात बसतात. एका बाजूला दोन-तीन संध्याकाळी जातात. जाऊ देत.

नॉइज रिडक्शन मी वापरत नाही, शास्त्रीयसाठी तर नाहीच. तानपुऱ्याचं वरचं टोक आणि प्लास्टिकची सळसळ एकाच पट्ट्यात राहतात, सळसळ थोडी जरी कमी केली तरी जवारी पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळीत होते, छेडीचा शेवट अर्ध्यात विरतो. बाजारात आणि स्ट्रीमिंगवर जी जुनी रेकॉर्डिंग 'स्वच्छ' करून मिळतात त्यातल्या कित्येकांत मागचा तानपुरा असा पुसलेला आहे, वर घुमारा चढवलेला आहे, आणि तरुण मुलं तेच मूळ समजून ऐकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. जुन्या मंडळींचं गाणं तानपुऱ्यात मिसळून उभं राहायचं, तो काढला की आवाज एकटा पडतो आणि मग सुराची ती जागा कशी लागली ते शिकणाऱ्याला कळतच नाही.

78 च्या तबकड्यांवर वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच की तिथे ही तानपुऱ्याची परीक्षा फारशी चालत नाही. 1902 मधे ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्याला पहिलं रेकॉर्डिंग करायला आला, 1908 पासून सियालदहच्या कारखान्यात आणि नंतर दमदमला तबकड्या छापल्या जायला लागल्या, पण विजेचे मायक्रोफोन येईपर्यंत सगळं भोंग्यासमोर, त्यात तानपुरा पोचायचाच नाही. तिथे ऑर्गन किंवा पेटीचा धरलेला सूर ऐकायचा. स्पीडही पक्का नाही, सगळ्या 78 ला फिरतच नाहीत, आणि नंतरच्या पक्क्या झाल्या त्याही 50 हर्ट्झच्या देशांत बरोबर 77.92 ला, स्ट्रोबवर 77 रेघा. आरआयएए तिथे लागू नाही, प्रत्येक काळाचं कोरणं वेगळं. त्या काळात टेप नव्हती, थेट मेणावर कोरायचे, तेव्हा आज जी तबकडी आपल्या हातात आहे ती बहुतेक वेळा मूळ प्रतच असते. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी या तबकड्यांवर जे काम केलंय ते या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावं.

फाईल तयार झाली की नाव देताना कंटाळा करू नका. राग, ताल, गायक, लेबल, कॅटलॉग नंबर, आणि मॅट्रिक्स नंबर, जो लेबलवर नाही तर कोऱ्या पट्टीत तिरप्या उजेडात वाचावा लागतो, कारण कुठली छपाई कुठल्या कटिंगवरून आली ते फक्त तोच सांगतो. कुठल्या सुईने वाजवली तेही लिहा. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे बऱ्याचदा फक्त मागच्या मजकुरात एका ओळीत असतं आणि तानपुऱ्यावर कोण बसलं होतं ते बहुतेक वेळा तिथेही नसतं. मूळ, काहीही न काढलेली फाईल वेगळी ठेवा, दोन हार्डडिस्कवर, एक घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. आणि कुणाकडे एकाच शास्त्रीय एलपीच्या दोन वेगवेगळ्या काळातल्या छपाया असतील तर पहिल्या तीस सेकंदांची तुलना करून मला मॅट्रिक्स नंबरासकट नक्की कळवा, मी लेबल आणि नंबरांची एक यादी करायला घेतलीय, त्यात नाट्यसंगीताच्या एलपी फार कमी आल्यात अजून.